अकरा शब्द

जिन्याचं चाक फोनवरून गेलं तेव्हा आवाज फारसा झाला नाही, बिस्किट मोडावं इतकाच. जिना खरा नव्हता, नाटकातला होता. पाच लाकडी पायऱ्या, पुठ्ठ्याचा कठडा, खाली चार चाकं; आणि प्रवेश बदलताना दोन सेटवाले तो अंधारात ढकलत विंगेत आणत. ती त्याच विंगेत आपल्या स्टुलावर बसलेली होती. फोन मांडीवरून घसरला ते तिला कळलंसुद्धा. पण दिवे गेल्यावर अंधारातच नायिकेला एक वाक्य म्हणायचं होतं, आणि ते वाक्य नायिका हमखास विसरायची. म्हणून तिने वाकण्याऐवजी आधी वाक्य दिलं. नायिकेने ते जसंच्या तसं उचललं, पुढच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं, आणि चाक फोनवरून गेलं. सेटवाला म्हणाला, "अरे देवा, कुजबुज, तुमचा होता का?" तिने ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केलं. प्रयोग चालू होता.

थिएटरात सगळे तिला कुजबुज म्हणत. तीस वर्षं ती प्रॉम्प्टर होती, म्हणजे विसरणाऱ्यांना त्यांचे शब्द परत देत होती, आणि तेही इतक्या हळू की पहिल्या रांगेलासुद्धा पत्ता लागू नये. नाटकाची वही तिच्या मांडीवर असायची, पण मिटलेली. नवी नटमंडळी आधी घाबरत, बाई वही उघडतच नाहीत म्हणून. मग एकदा अडली की कळायचं त्यांना. शब्द बरोबर वेळेला यायचा, आधी नाही, नंतर नाही. हिला त्याचा गर्व होता. तो ती कुणाला दाखवत नसे, पण मिटलेल्या वहीवर दोन्ही हात ठेवून ती ज्या थाटात बसायची त्यात सगळं आलंच. पहिल्या महिन्यात मात्र तिने एकदा घोळ घातला होता. नट अडला आणि घाईघाईत तिने वहीत कंसात लिहिलेली सूचनाच त्याला दिली, आणि तो गडी भर रंगमंचावर खड्या आवाजात म्हणाला, "ती खिडकीकडे जाते!" थिएटर हसून हसून लोळलं. म्हाताऱ्या दिग्दर्शकाने तिला आत बोलावून एवढंच सांगितलं, "पोरी, कंसातलं बोलायचं नसतं." त्यानंतर कंसातलं ती कधी बोलली नाही.

फोन दुरुस्तीवाल्याचं दुकान म्हणजे भिंतीतलं एक कपाटच होतं. त्याने फोन उलटसुलट केला, भिंगातून पाहिला आणि गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तशा आवाजात म्हणाला, "ताई, यात आता काही राहिलं नाही. नवीन घ्या." तिने विचारलं, "यात माझं एक वॉलेट होतं. क्रिप्टोचं." तेव्हा त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. पांढरे केस, कापडी पिशवी, चष्म्याची दोरी. "तुमचं?" "भावाचं होतं. आता माझ्याकडे आहे." "मग घाबरू नका. बारा शब्द दिले असतील ना त्याने? नव्या फोनमध्ये तेच ॲप टाका, बारा शब्द भरा, सगळं जसंच्या तसं परत. लिहून ठेवलेत ना?" "पाठ आहेत." "पाठ?" तो हसला. "लिहिले नाहीत?" "मला लिहायची गरज पडत नाही," ती म्हणाली, आणि मिटलेल्या वहीवर हात ठेवल्यासारखे दोन्ही हात काउंटरवर ठेवून उभी राहिली.

नव्या फोनवर ॲप उघडलं तेव्हा पडद्यावर बारा रिकाम्या चौकटी आल्या. ती घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती, खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं, सगळं कसं नीट होतं. तिने मनातल्या मनात सुरुवात केली आणि एका बोटाने टाइप करत गेली. लॅडर, सॉल्ट, ऑर्फन, वेल्व्हेट, हॅमर, रिव्हर. हा पहिला अंक. शिडीवर मिठाची पिशवी घेऊन एक अनाथ पोर, अंगावर मखमल, हातात हातोडा, खाली नदी. शब्द पाठ करायचे तर त्यांचं नाटक करायचं ही तिची रीत होती. मग दुसरा अंक. लेमन, घोस्ट, पेन्सिल, अंब्रेला, विंडो. लिंबू सोलणारं भूत, त्याच्या कानामागे पेन्सिल, छत्री मिटून ते खिडकीतून बाहेर जातं. संपलं. आणि बारावी चौकट रिकामी होती. तिने बोटाने मोजलं. परत मोजलं. अकरा. तिने डोळे मिटून पुन्हा सुरुवात केली, जरा वेगाने, नट अडल्यावर मागच्या वाक्यापासून धावत येतो तशी. सहा, मग पाच. दुसऱ्या अंकातला एक गेला होता. लिंबाच्या आधी, भुताच्या नंतर, की खिडकीच्या बाहेर, कुठे होता तो, हेसुद्धा तिला सांगता येईना. जिभेच्या टोकावर काहीतरी असतं तसंही नव्हतं. तिथे काही नव्हतंच.

सात वर्षं ती रोज सकाळी आंघोळीला हे शब्द म्हणत आली होती. सहा शब्द, मग पाण्याचा तांब्या डोक्यावर, मग बाकीचे. एकही दिवस चुकला नव्हता. तापातसुद्धा नाही. मग शब्द गळाला कधी? काल? गेल्या पावसाळ्यात? की पाच वर्षं ती अकराच म्हणत होती आणि आपण बारा म्हणतोय या समाधानात अंग पुसत होती? शब्द जाणं एक, आणि गेलेला न कळणं दुसरं. दुसरं तिने पाहिलं होतं. आईचा पहिला शब्द गेला तो चमचा. "ते दे गं मला, ढवळायचं," आई म्हणाली होती, आणि सगळे हसले, आईसुद्धा. मग कुलूप गेलं, उशी गेली, बुधवार गेला. शेवटी शेवटी आई वाक्याच्या मध्येच थांबून हिच्याकडे बघायची, अगदी नट बघतो तशी, मान न वळवता, नुसते डोळे. आणि ही शब्द द्यायची. हळूच, बरोबर वेळेला, आईला वाईट वाटू नये अशी. त्या घरात तेव्हा आई बोलते असं पाहुण्यांना वाटायचं. प्रत्यक्षात बोलत असायची ती हीच. एकदा धाकटा सुट्टीवर आला, तर आईने त्याच्याकडे बोट करून हिच्याकडे बघितलं, आणि हिला आईला तिच्या मुलाचं नाव द्यावं लागलं.

धाकटा म्हणजे तिचा एकुलता एक भाऊ. जहाजावर विजेची कामं करायचा. प्रत्येक बंदरात वेगळी बँक, वेगळे कागद, पैसे घरी पोचेपर्यंत त्यातले निम्मे कुठेतरी झिरपायचे, म्हणून जहाजावरच्या दोघातिघांचं बघून त्याने हे क्रिप्टो धरलं. हिला ते कळायचं नाही. "पण ते पैसे असतात कुठे?" ती विचारायची. "कुठेच नसतात, ताई. म्हणजे सगळीकडे असतात. जगभर एक यादी असते, तिच्यात लिहिलेलं असतं की एवढे या किल्लीचे. फोन म्हणजे नुसतं दार. किल्ली म्हणजे ते बारा शब्द." "आणि किल्ली हरवली तर?" "तर काही नाही. पैसे तिथेच राहतात, कायमचे. फक्त कुणाचे नसतात." हे त्याने सहज सांगितलं होतं, तोंडात घास असताना. आता स्वयंपाकघरात बसून तिला ती यादी दिसायला लागली, कुठेच नसलेली, सगळीकडे असलेली, आणि तिच्यात धाकट्याची जहाजावरची वर्षं, इंजिनरूमची उष्णता, पोरीचे न पाहिलेले वाढदिवस, सगळं व्यवस्थित लिहिलेलं आणि कुणाचंच नसलेलं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात त्याने शब्द दिले. एकेक करून, कागदावरून वाचत. मध्येच कुठेतरी तो हसला होता, इतका की खोकल्याची उबळ आली आणि नर्स धावत आली. कशाला हसला होता ते तिला आठवत नव्हतं. मग त्याने कागदाचे तुकडे करून पाण्याच्या ग्लासात टाकले आणि म्हणाला, "कागद कुणाच्याही हाती पडतो. त्यापेक्षा ताई बरी. पोरीला स्वतःचं काही उभं करावंसं वाटेल तेव्हा दे."

पोरीला वाटलं होतं. याच आठवड्यात. तिची भाची, चोवीस वर्षांची, हिच्याकडेच राहून शिकलेली, दातांच्या कारखान्यात काम करायची. मेण, प्लास्टर, पोर्सेलिन. लोकांच्या तोंडात बसणारे दात ती टेबलावर बनवायची आणि जेवताना समोरच्याच्या दातांकडे बघत बसायची. तिचा म्हातारा मालक धंदा गुंडाळत होता. भट्टी, टेबलं आणि ती खोली तिला देतो म्हणाला होता, शनिवारपर्यंत पैसे आले तर. नाहीतर दुसरा माणूस तयारच होता. ॲप तसंच उघडं असताना नवा फोन वाजला, आणि तिचाच आवाज आला. "आत्या, होता कुठे फोन तुझा? ऐक, मी माझं वॉलेट तयार करतेय. बाबांचं ते शनिवारच्या आत पाठवशील ना?" "पाठवते की," ती म्हणाली. इतक्या सहज की तिलाच स्वतःची भीती वाटली. "आवाज असा का येतोय तुझा?" "कसा?" "कुजबुजल्यासारखा." "सवय गं," ती म्हणाली आणि फोन ठेवून बराच वेळ टेबलाची कडा घट्ट धरून बसली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दुरुस्तीवाल्याकडे गेली. एक शब्द आठवत नाहीये असं न सांगता विचारलं, एखाद्याला समजा एक आठवत नसला तर? त्याने ओळखलंच असणार. म्हणाला, "असतात तशी माणसं. तुम्ही अकरा द्यायचे, ते मशीन लावून बारावा शोधतात. पण ताई, एकदा बारावा सापडला की किल्ली त्यांच्या हातात. मग तुम्हाला फोन करतील की नाही, तुमचं नशीब." घरी येताना बसमध्ये शेजारच्या बाईने नुसतं "किती वाजले?" विचारलं तर हिने पिशवी छातीशी ओढली. अकरा शब्द तोंडात होते. झोपेत आपण बोललो तर? भाची ऐकेल, ऐकू दे, पण भाचीसमोर अकराच बोललो तर? आतापर्यंत आपलं डोकं म्हणजे बंद कपाट आहे असं ती धरून चालली होती. आता त्या कपाटाला खालून भोक पडलं होतं आणि कोणती वस्तू पुढची जाणार याचा काही नेम नव्हता. घरी येऊन तिने चमचा, कुलूप, उशी, बुधवार हे शब्द मोठ्याने म्हणून पाहिले. सगळे होते. पण म्हणून पाहावे लागले होते.

मग ती चौकटीत अंदाजाने शब्द भरायला लागली. प्लेट, मिरर, टॉवर, ब्रिज. कधी शेवटी, कधी लिंबाच्या आधी. ॲप प्रत्येक वेळी लाल अक्षरात नाही म्हणायचं. त्याची एक वेळ सवय झाली, कारण नाही म्हणणारं कुणीतरी निदान होतं. एकदा तिने खिडकीनंतर विंटर भरला, भूत खिडकीतून बाहेर गेलं म्हणजे बाहेर थंडी असणार म्हणून. आणि लाल अक्षरं आलीच नाहीत. ॲपमधलं छोटं चाक फिरलं आणि वॉलेट उघडलं. ती खुर्चीतून अर्धवट उठली. "धाकट्या," ती मोठ्याने म्हणाली. आणि मग तिला आकडा दिसला. शून्य. आत काहीच नव्हतं, कधी आलं नव्हतं, कधी गेलं नव्हतं, यादी कोरी. कुणीतरी पैसे नेले. किंवा धाकट्याने ठेवलेच नव्हते. सात वर्षं आपण एका कोऱ्या यादीला राखण बसलो. तिने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, चुकीच्या शब्दांनीसुद्धा कधीकधी उघडतं. दुसरंच असतं ते, कुणाचंच नसलेलं. रिकामं असायचंच. बंद करा ते." तिने बंद केलं. पण ती रिकामी जागा तिच्या आतच राहिली. आईचंही असंच झालं असेल का? दार उघडायचं, दिवा लागायचा, आणि आत कोणीच नाही. शेवटच्या वर्षात आई हसून सगळ्यांचं स्वागत करायची, अगदी प्रेमाने, आणि त्या हसण्यामागे काही नव्हतं. चुकीच्या शब्दाने उघडलेलं ते घर. हिला त्या वेळी रडू आलं नव्हतं. आज आलं, आणि ती टेबलावर डोकं टेकून हुंदके देत राहिली.

गुरुवारी दुपारचा प्रयोग होता. ती स्टुलावर बसली, मांडीवर वही, आणि आयुष्यात प्रथमच वही उघडावीशी वाटली. उघडली नाही. पहिल्या प्रवेशात म्हाताऱ्या सासऱ्याचं काम करणारा नट अडला. ही जागा ती ओळखून होती, तो दर चौथ्या प्रयोगाला इथेच अडायचा. त्याने डोळे विंगेकडे वळवले. वाक्य तिला माहीत होतं. पण त्याचे डोळे बघून तिला आई दिसली, आणि शब्द घशात यायला एक क्षण उशीर झाला. एकच. तो सावरला, प्रेक्षकांना कळलंही नाही, पण बाहेर आल्यावर तो घाम पुसत म्हणाला, "आज कुठे होतीस गं, कुजबुज? माझा जीव टांगणीला लावलास." तिच्या आत अकरा शब्द घाण्याला जुंपल्यासारखे फिरत होते. शिडी, मीठ, अनाथ पोर. मखमल, हातोडा, नदी. रंगमंचावर अंक शेवटाकडे चालला होता. नायिका पत्र फाडते, वळते, म्हणते, "मग आपलं बोलणं संपलं." हिच्या शेजारी दोरीवाला उभा होता, दोरी दोन्ही हातांत गुंडाळून. तो कधी रंगमंचाकडे बघत नसे, तो हिच्या डाव्या हाताकडे बघायचा. तीस वर्षांचा रिवाज. हात वर गेला की तयार, खाली आला की ओढायचं. शब्द लागत नसे. वहीत प्रत्येक अंकाच्या शेवटी तो एकच शब्द कंसात लिहिलेला असायचा, आणि तो बोलायचा नसे.

तिचा हात वर गेला. खाली आला. पडदा सळसळत पडला, टाळ्या झाल्या, दिवे लागले, आणि ती हाताकडे बघत राहिली. मनात ती नदीपर्यंत आली होती. हात नदीनंतर वर गेला होता. अंक संपला म्हणून गेला, की रोज सकाळी तांब्या घेऊन जातो म्हणून गेला? "कुजबुज," दोरीवाला म्हणाला, "हात खाली घ्या की. पडदा पडला केव्हाच." हात पुन्हा वर होता. आणि तिला दवाखान्यातली खोली दिसली, निळी चादर, धाकट्याचं हडकुळं मनगट, कागद. तो वाचत होता, "सहावा, रिव्हर. सातवा, कर्टन." आणि तिने हात वर केला होता. "हात काय वर करतेस, ताई? हाही शब्दच आहे. म्हण!" "म्हटला की," ती म्हणाली होती, तोच हात खाली आणून. त्यावर तो हसला होता. इतका हसला की खोकल्याची उबळ आली. दोन अंकांच्या मधला पडदा. दुसरा अंक पाचच शब्दांचा होता, पहिल्यापासून. शब्द कुठेही गेला नव्हता. सात वर्षं रोज सकाळी ती तो हाताने म्हणत होती. तिला हसू आलं आणि त्याच दमात हुंदका. दोरीवाला गोंधळून म्हणाला, "पाणी आणू का?" ती म्हणाली, "नको रे. पडदा वर घे."

संध्याकाळी दोघी टेबलाशी बसल्या. सातव्या चौकटीत तिने कर्टन लिहिला. वॉलेट उघडलं, आणि आत धाकटा होता. प्रत्येक बंदराहून आलेली रक्कम, तारखेसकट, एकाखाली एक. भाची काही वेळ आकड्याकडे बघत नव्हती, तारखांकडेच बघत होती. "हा माझा पंधरावा वाढदिवस," ती म्हणाली. "त्या दिवशी पाठवलेत." मग तिने स्वतःच्या वॉलेटचा पत्ता दिला, अक्षरांची आणि आकड्यांची लांबलचक माळ. "आत्या, पहिली चार अक्षरं जुळव, शेवटची चार जुळव. आधी थोडेच पाठव. एकदा गेले की परत बोलावता येत नाहीत." थोडे गेले, पोचले. मग हिने बाकीचे पाठवले. आकडा शून्य झाला, पण या खेपेला पैसे कुठे गेले हे तिला समोर दिसत होतं. धाकट्याचे बारा शब्द आता कशाचीच किल्ली नव्हते.

भाचीने आपले नवे बारा शब्द कागदावर लिहिले, दोनदा वाचून दाखवले आणि कागद हिच्यापुढे सरकवला. "तू पाठ करून ठेव. बाबा म्हणायचे ना, कागदापेक्षा ताई बरी."

"माझ्यावर विसंबू नकोस," ती म्हणाली. खड्या आवाजात म्हणाली. भाचीने चमकून बघितलं, या घरात तिने आत्याचा हा आवाज कधी ऐकला नव्हता. मग आत्याने सगळं सांगितलं. तीन दिवस, लाल अक्षरं, विंटर, रिकामं घर, उशिरा आलेलं वाक्य. आजीचा चमचासुद्धा. "या खेपेला शब्द सापडला. हातात होता म्हणून सापडला. पुढच्या खेपेला कुठेच नसेल, आणि मला कळणारही नाही. याचीच भीती वाटते मला. फार भीती वाटते गं." भाचीने प्लास्टरचे पांढरे डाग असलेला आपला हात पुढे केला आणि आत्याचा हात धरून ठेवला. मग आत्या म्हणाली, "पाठ तू कर. आणि कागद दोन जागी ठेव. चल, म्हण. मी बसते कागद घेऊन."

आत्याने कागदाची घडी घालून मांडीवर ठेवली, आणि भाची डोळे मिटून म्हणायला लागली. चार शब्द झरझर गेले. पाचव्याला ती अडली, डोळे उघडले आणि मान न वळवता हिच्याकडे बघितलं. शब्द हिला ठाऊक होता. दोनदा ऐकला होता, तेवढं तिला पुरे असे. तरी तिने घडी उघडली, कागद दिव्याखाली धरला, पाचव्या शब्दाखाली बोट ठेवलं, तो नीट वाचला, आणि मग दिला.